फान देशेंगची चकाकी

चीनमधल्या डिंगशू गावात मातीच्या किटल्या घडवणारे घरोघरी होते, आणि त्या कशा वापराव्यात हे शिकवणारे त्याहून जास्त. फान देशेंग शिकवणाऱ्यांतला. बस आगारात जन्मभर ड्रायव्हरांवर डाफरून तो निवृत्त झाला, आणि घरी आपल्या शिट्टीवर कुणीच हलत नाही हे त्याच्या लक्षात आलं. मग त्याने जांभळट मातीची एक किटली आणली. ती बिचारी उलट बोलत नसे.

अशी किटली मुरवावी लागते. तिच्यात कायम एकाच जातीचा चहा करायचा, थोडा तिच्या अंगावर ओतायचा, फडक्याने पुसायचं, झाकण उघडून सुकू द्यायचं. साबण वर्ज्य, तेलकट हात तर त्याहून वर्ज्य. काही वर्षांनी माती आतून उजळल्यासारखी दिसते. बायको मेइजुआनने एकदा त्या किटलीत शेवंतीची फुलं घातली, तर फान दोन दिवस तिच्याशी बोलला नाही. ते दोन दिवस फार सुखाचे गेले, असं तिने शेजारणीला सांगितलं.

कालव्याकाठच्या चहाघरात रोज सकाळी म्हातारे आपापली किटली घेऊन जमत. तिथे फान नाकाने कांदे सोलत बसे: याचं फडकं मळकं, त्याचं पाणी कोमट. पंचाईत एवढीच, की शू गनलिन न्हाव्याची किटली दीड वर्षातच झळाळली आणि फानची मात्र विटेच्या तुकड्यासारखीच राहिली. कारण साधं होतं. शू दिवसभर चहा प्यायचा. फानला चहाने पित्त व्हायचं, म्हणून तो प्यायचा कमी आणि बोलायचा जास्त.

एका दुपारी किटली छातीशी धरून फानला डुलकी लागली. जाग आली तेव्हा नाक टेकलं होतं तेवढी जागा लखलखत होती. त्याने दाराकडे पाहिलं, कडी लावली, आणि नाक पुन्हा घासलं. मग कपाळ, मग टक्कल.

त्या दिवसापासून सगळं गुपचूप सुरू झालं. पण म्हाताऱ्या कातडीला तेल सुटणार किती? डॉक्टरांनी चरबी बंद केलेली असताना फानने रोज डुकराचं चरबीदार मांस मागायला सुरुवात केली. मेइजुआनने मुकाट्याने शिजवलं. कडी लावलेल्या दारामागे काय चालतं हे तिला केव्हाच कळलं होतं. खिडकीला पडदा नव्हता.

किटली आरशासारखी झाली. गावात नाव झालं. चहाघराच्या मालकिणीने वसंतातल्या मेळाव्यात फानलाच बोलायला बसवलं. नव्या शर्टात, किटली पुढ्यात ठेवून, तो तेलकट हातांच्या पापावर बोलत होता. तेवढ्यात चहाघराची मांजर टेबलावर चढली आणि किटली चाटू लागली. फानने तिला हाकललं. ती परत आली आणि शूच्या किटलीकडे ढुंकूनही न बघता हीच चाटू लागली. कुणी हसलं नाही, तेच वाईट झालं. फानने घाईघाईने उकळतं पाणी किटलीवर ओतलं, तर खालच्या ताटात तवंग तरंगला.

शूने वाकून वास घेतला.

"फानभाऊ," तो शांतपणे म्हणाला, "चहा छान. भात आणू का सोबत?"

तेव्हा मात्र छप्पर उडेल असं सगळे हसले.

फान घरी येऊन भिंतीकडे तोंड करून पडला. मेइजुआनने मोठ्या पातेल्यात चहापत्ती टाकून मंद आचेवर किटली उकळली, पाणी बदलून पुन्हा उकळली. किटली निघाली ती निस्तेज, मातकट, पहिल्या दिवसासारखी.

"घ्या," ती म्हणाली. "आता हिला चहा पाजा. आणि तोंड साबणाने धुवा, त्याला मनाई नाही."

महिनाभर फान चहाघराकडे फिरकला नाही. घरीच तो पातळ चहा करून पिऊ लागला, आणि खरं तर पातळ चहाने त्याला पित्त होत नव्हतं. पण सुधारला म्हणावं, तर पुढल्याच महिन्यात तो तिथे पुन्हा हजर. नव्या म्हाताऱ्यांना तो आता बजावून सांगतो, की काही नीच माणसं किटलीला तोंडाचं तेल फासतात, ती चकाकी ओळखायला माझ्यासारखी जाणती नजर लागते. नवे म्हातारे माना डोलावतात. शू न्हावी चहात बघत बसतो.