आईच्या आवाजाला साजेसे स्पीकर

आमच्या घरात कॉम्प्युटर आला तो मुकाच. मखमलाबादकडचा मळा, बाहेर झेंडूचे वाफे, आत पुढच्या खोलीत टेबलावर तो आणि त्याच्यासमोर मी. घरातली पहिली पदवीधर. हे मी आजही कुणालाही सांगते. कमावलेलं आहे, लपवायचं कशाला?

त्या कॉम्प्युटरकडून मला एकच काम करून घ्यायचं होतं. आईला तिचा स्वतःचा आवाज ऐकवायचा होता.

आई एके काळी हळदीची गाणी म्हणायची. आसपासच्या मळ्यांत लग्न कुणाचंही असो, हळद दळताना जात्याशी बसायचा मान आईचा. मग तिच्या गळ्याचं ऑपरेशन झालं, आवाज घोगरा झाला तो झालाच. तिनं गाणं सोडलं. कुणी फारच मागे लागलं तर म्हणायची, "माझा कधी आवाज होता का? बाया आपल्या उगं म्हणायच्या." हळूहळू तिला ते खरंच वाटायला लागलं. मला तेवढंच सहन होत नव्हतं. थोरल्या बहिणीच्या हळदीत भरलेली एक कॅसेट तेवढी उरली होती, आणि तीही टेपमध्ये अडकून अडकून सुरकुतली होती.

कॉम्प्युटरमधलं साउंड कार्ड साधंच होतं. मागे तीन भोकं. निळ्यातून टेपचा आवाज आत घ्यायचा, हिरव्यातून बाहेर काढायचा, गुलाबी माइकसाठी. कॉम्प्युटरबरोबर आलेला माइक पिशवीतून निघालाही नव्हता. निळ्यातून कॅसेट आत घेतली, हेडफोन लावले आणि डोळे मिटून बसून राहिले. जात्याची घरघर, बांगड्या, आणि त्यांच्या वर आईचा आवाज, विहिरीच्या पाण्यावर ऊन हलावं तसा. त्या दुपारी बाहेर पाटाला पाणी सुटलं होतं. आज आठवताना ते पाणी आणि ते गाणं वेगळं काढता येत नाही.

पण आई हेडफोनला हात लावेना. "कानात बोळे घालून गाणं ऐकतात व्हय? ते चारचौघींत बसून ऐकायचं असतंय."

म्हणून स्पीकर. एका मैत्रिणीकडून ते गाणं सीडीवर उतरवून घेतलं आणि आप्पांना, म्हणजे वडिलांना, घेऊन महात्मा गांधी रोडवरच्या दुकानात गेले. दुकानदारानं आधी मला पाहिलं, मग आप्पांच्या टोपीला, आणि एका जाड डब्याभोवती पाच बारके डबे मांडले.

"काका, हे घ्या. मागं बसणाऱ्यालासुद्धा ऐकू येतंय."

आप्पा खूश. "हां, हे कसं भरल्यासारखं दिसतंय!"

"आमचं कार्ड दोनच बाजूंना आवाज देतं," मी म्हटलं. "बाकीचे डबे काय देव्हाऱ्यात मांडू?"

"ताई, पुढं कार्ड बदलाल की."

"पुढचं पुढं. आत्ता ही सीडी लावा."

लावली. जाड डब्यानं जातं उचललं आणि दुकानभर फिरवलं. नुसती घरघर. आई कुठे तरी पिठाखाली गेली होती. मग मी कोपऱ्यातली एक साधी जोडी मागितली. लाकडी खोकी, विजेवर चालणारी, कारण आमच्या कार्डात बिनविजेच्या स्पीकरला ढकलायचं बळ नव्हतं. खोक्यावर वॅटचा भला मोठा आकडा छापलेला. त्याच्याकडे मी पाहिलंही नाही. दुकानदार तोंड वाकडं करत म्हणाला, "ह्याच्यात दणका नाय हां."

"दणका कुणाला पाहिजे?"

आईचा आवाज आला. आधी बांगड्या, मग ती. आप्पा हातातली पिशवी खाली ठेवायची विसरले. रस्त्यावरचे रिक्षांचे भोंगे चालूच होते, पण मला ते दूर, नदीपलीकडून आल्यासारखे वाटले.

"हेच बांधून द्या," आप्पा म्हणाले.

दुसऱ्या संध्याकाळी मी कामावरून आले तर दोन काकू आणि शेजारची मावशी सतरंजीवर येऊन बसलेल्या. आई पदर सावरून भिंतीशी टेकलेली. मी घाईघाईनं गाणं लावलं.

आवाज आला तो पिंपात तोंड घालून कुणी गावं तसा. बांगड्या नाहीत, शब्द नाहीत. मावशीनं काकूकडे पाहिलं. मी आवाज वाढवला, हिरव्या भोकातली पिन काढून पुन्हा घातली. तसंच.

आई हसली. ते हसणं चांगलं नव्हतं. "सांगत नव्हते मी? तवापासूनच असा हाय माझा गळा. बंद कर बाई. चहा टाकते." ती उठलीसुद्धा.

तेव्हा माझं लक्ष गेलं. आमच्या घरात नवी वस्तू उघडी ठेवत नाहीत. टीव्हीला झालर, मिक्सरला टोपडं, टेलिफोनला रुमाल. दिवसभरात आईनं दोन्ही स्पीकरला जाड मखमलीची कुंची शिवली होती, चारी बाजूंनी बंद, वर मोत्यांची फुलं. इतकी घरातली वाटत होती ती, की मला दिसलीच नव्हती.

"आई, थांब. तू स्वतःचंच तोंड बांधून ठेवलंयस."

मी कुंच्या काढायला लागले तशी ती ओरडली, "अगं, मळ्याची धूळ! आणि उघडी बरी दिसत्यात का?"

"मग दुसरं काही दे."

तिनं दोरीवरून जुनी सुती साडी ओढली, धुवून धुवून जाळी झालेली, आणि दोन्ही खोक्यांवरून पांघरली. मी गाणं पहिल्यापासून लावलं.

बांगड्या वाजल्या. एक काकू एकदम म्हणाली, "अगं बया, ह्या माझ्या हिरव्या!" मग आई आली. साडीतून, झिरपत. आई उभीच होती. एक हात आपोआप फिरायला लागला होता, जात्याचा खुंटा धरल्यासारखा.

कॅसेटची ती बाजू गाणं अर्ध्यावर असतानाच संपलेली. आवाज तुटला. आणि भिंतीकडून, घोगरा, खालच्या पट्टीतला, पुढची ओळ म्हणणारा आवाज आला. काकूंनी मागनं धरलं.

आप्पा दारात होते. हलकेच म्हणाले, "बाई, हे बी भरून घे."

मी पिशवीतून माइक काढला आणि गुलाबी भोक चाचपत टेबलामागे वाकले.