मालडब्यावरची उलटी अक्षरं

लग्नाला वर्ष झालं नव्हतं. मी जैनथच्या शाळेत चित्रकला शिकवत होते, आणि आमच्या घरात अक्कल फक्त मलाच वाटून मिळाली आहे, याबद्दल माझ्या मनात काडीची शंका नव्हती. तेव्हाची मी, ती पोरगी, आज दारात आली तर तिला आधी चहा पाजीन आणि मग पोटभर हसून घेईन.

आमचे हे आदिलाबाद स्टेशनात मालधक्क्यावर कारकून. दिवसभर कापसाच्या गाठी डब्यांत चढवून घ्यायच्या आणि घरी येऊन सागाच्या फळकुटांतून तेच डबे वीतवीत लांबीचे करायचे, असं त्यांचं वेड. मालगाडी पुरी झाली होती. ती स्टेशनातल्या काचेच्या कपाटात बसावी, एवढीच त्यांची इच्छा. पण मागच्या तपासणीत साहेब म्हणाले होते, "खेळणं चांगलं आहे. अक्षरं कुठंत?" 'खेळणं' हा शब्द यांना फार लागला. साहेब सोमवारी पुन्हा येणार होते.

ब्रशनं लिहिलं की रंग लाकडात पसरायचा. सायकलच्या दांडीवर बसवतात तसली पाण्यात भिजवून कागदावरून सरकवायची ट्रान्सफर चित्रं हवी होती. पण सायकलवाल्याकडं होते मोर आणि कमळं. मालडब्याचा नंबर आणि वजन आम्हाला कोण छापून देणार?

"त्यात काय? मी करते," मी म्हटलं.

खाकी कागदावर डिंकाचा थर दिला. डिंक अर्थात सासूबाईंचा, लाडवांसाठी ठेवलेला. तो वाळल्यावर पांढऱ्या रंगानं मुंगीएवढी अक्षरं लिहिली, वर वार्निशचा हात फिरवला. आणि सगळी अक्षरं उलटी लिहिली. शाळेत बटाट्याचे ठसे शिकवत होते ना मी. छापायचं ते उलटं, हे कुणाला ठाऊक नाही?

"अवं, सायकलवरचा मोर तर कागदावर सरळच असते ना?" हे हळूच म्हणाले.

"मोराचं काय, तो इकडं पाहो का तिकडं."



शनिवारी पहिला कागद भिजवला. अक्षरं अलगद सुटली, डब्यावर अलगद बसली, आणि उलटीच राहिली. सासूबाई दारातून पाहत होत्या.

"काऊन वं सूनबाई, ही गाडी आरशात पाहून चालवतेत का?"

हे दुसरा डबा उचलून फडक्यानं पुसत बसले. तो काही मळलेला नव्हता. सासूबाईंचा टोमणा मी पचवला असता, ते पुसणं पचेना. पुन्हा लिहायला वेळ नव्हता, आणि चुकलं म्हणायची मला सवय नव्हती.

"थांबा," मी म्हटलं, "माझं अजून झालं नाही."

त्यांच्या हातातल्या डब्याला वार्निश लावलं आणि दुसरा कागद न भिजवता पालथा दाबला. अक्षरं लाकडाकडं, डिंक वर. त्यावर वजनाला थंड इस्त्री ठेवली. रविवारी सकाळी पाठीवरून ओलं फडकं फिरवलं. डिंक विरघळला, कागद सरकून हातात आला, आणि खाली अक्षरं सरळ. बाकीचे डबे तसेच केले, आणि पहिल्या डब्याची दुसरी बाजूही.

"डिंक वाया गेला तो गेलाच," सासूबाई म्हणाल्या. पण दुपारी फडकं भिजवून द्यायला त्याच बसल्या होत्या.

सोमवारी साहेबांनी अक्षरावर नख घासलं. निघालं नाही. "बागुंदी, छान आहे," ते म्हणाले, आणि हैदराबादेत छापून घेतलं का म्हणून विचारलं. "बायकोनं केलं घरी," हे म्हणाले. साहेबांनी कपाटाची किल्ली मागवली.

हे सगळं मला संध्याकाळी कळलं. मी विचारलं, "आणि तो पहिला डबा?"

"ठेवला ना. उलटी बाजू भिंतीकडं."

"खरवडून टाकायची होती."

"काऊन?" हे म्हणाले. "भिंतीला कुठं वाचता येते?"