साडेबाराची लाइन टेस्ट

त्या काळी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कुणी कुणाला नावानं हाक मारत नसे. ज्या खुर्चीचा जो नंबर, तोच तिच्यावर बसणारीचा. बाळंतपणाची रजा संपवून सात नंबर परत आली, हेडफोन डोक्यावर चढवला, समोरच्या बोर्डावर दिवा लागला आणि "नंबर सांगा" म्हणताना तिला माहेरी आल्यासारखं वाटलं. तीन महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी तिला बाळाखेरीज दुसरं काही विचारत होतं.

घरी सासूबाईंनी निक्षून सांगितलं होतं, "पोरगी डब्याचं दूध ओकून टाकते, बघितलंस ना? अंगावरचं पुरलं तर नोकरी. आटलं की महिनाअखेरीला राजीनामा. मग वाद नको." नवरा दोघींच्या मधे वर्तमानपत्र उघडून बसला होता.

पहिला आठवडा बरा गेला. दुपारच्या सुट्टीत ती सामानाच्या खोलीत जाई, आतून कडी लावी आणि स्टीलच्या पेल्यात हातानं दूध काढी. पेला भरे. ते दूध थर्मासात बर्फावर ठेवून घरी नेई. दुसऱ्या आठवड्यात पेला अर्ध्यावर आला. तिसऱ्यात जेमतेम तळ झाकला. समोर वायरींची भेंडोळी, जुनी रजिस्टरं, आणि बाहेरून कुणीतरी दार ठोठावतंय, "सात नंबर, झालं का गं? मला झाडू हवाय!" अशात पान्हा फुटायचा तरी कसा?

मग एका सकाळी कुठल्याशा बाईनं डॉक्टरांचा नंबर मागितला. मागे तिचं बाळ टाहो फोडत होतं. सात नंबरनं जोडणीची कॉर्ड बोर्डात खोचली आणि पाहते तो काय, ब्लाउज पुढून चिंब! हाताला लागलं ते रजिस्टर तिनं छातीशी धरलं, पण तोवर पाठीमागे टाचा थांबल्या होत्या. सुपरवायझरबाई. सगळ्या जणी त्यांना तोफ म्हणत, अर्थात त्यांच्या माघारी.

"सात नंबर, खुर्ची सोडा."

संपलं, तिला वाटलं. सामानाच्या खोलीत तोफेनं दार लोटून घेतलं.

"पेल्यात येत नाही, आणि बोर्डावर येतं?"

"बाळ रडलं हो, बाई. दुसऱ्याचंच होतं, पण..."

"घराजवळ फोन कुणाकडे आहे?"

"शेजारी. शिंपीणकाकूंकडे."

"सासूबाईंना म्हणावं, उद्या साडेबाराला बाळ घेऊन तिथं बसा." तोफेनं कोपऱ्यातल्या जादा फोनवरची धूळ बोटानं पुसली.

"पण खासगी कॉलला तर बंदी..."

"खासगी कोण म्हणतंय? लाइन टेस्ट आहे."

दुसऱ्या दिवशी सासूबाई फोनवर अशा ओरडल्या, की मधल्या तारांची गरजच नव्हती.

"अगं, रडतच नाहीये ही लबाड! हसतेय! काय करू?"

"हसू दे हो, आई."

"चिमटा-बिमटा मी काढायची नाही, आधीच सांगून ठेवते!"

"नका काढू. नुसता फोन तिच्या तोंडाशी धरा."

आधी ऐकू आली शिलाई मशीनची खडखड. "अहो काकू, जरा दम धरा की!" मशीन थांबलं. मग मूठ चोखल्याचा चुटुचुटु आवाज आला, आणि मधूनच एक लांबलचक हुंकार. सात नंबरनं डोळे मिटले. छातीत मुंग्या आल्या आणि रिकाम्या पेल्यात धार वाजली.

"आलं का गं?" सासूबाईंनी दबक्या आवाजात विचारलं. त्यांना असाही आवाज आहे हे तिला तेव्हा कळलं.

"आलं, आई."

"आलं! आलं!" लाइनवर एकच कल्ला. बोर्डावरच्या साऱ्या जणी चोरून कान लावून बसल्या होत्या!

"लाइन मोकळी करा," तोफ कडाडली. मग खाकरून म्हणाली, "टेस्ट ओके."

रोज टेस्ट होऊ लागली. महिन्याच्या शेवटच्या दिवशी मात्र बोर्डावर दिव्यांचा नुसता पाऊस. साडेबारा वाजून गेले तरी कुणाला मान वर करायला फुरसत नव्हती. तेवढ्यात नऊ नंबरसमोर शिंपीणकाकूंचा दिवा लागला.

"नंबर सांगा."

"नंबर-बिंबर मला येत नाही. माझ्या सुनेला द्या. पाऊण वाजला, तिच्या दुधाची वेळ टळून चाललीय, आणि तुम्ही तिला जुंपून ठेवलंय होय?"

तोफेनं निमूटपणे सात नंबरचा हेडफोन काढून स्वतःच्या डोक्यावर चढवला. "जा. बसते मी."

संध्याकाळी चपलाही न काढता तिनं विचारलं, "आई, महिना संपला. राजीनाम्याचं काय करायचं?"

"कसला राजीनामा? आणि उद्यापासून मी शिंपिणीकडे काय निमित्त सांगून जाऊ?"

पोरीनं वर्षानंतर अंगावरचं सोडलं. पुढं बोर्ड गेले, नंबर आपोआप लागू लागले, बायका पांगल्या. सात नंबर अजून सांगते, की लग्नानंतरच्या तीन वर्षांत सासूबाईंशी एका घरात राहून जेवढं बोलणं झालं नव्हतं, तेवढं त्या एका वर्षात फोनवर झालं.