कोपरापर्यंतचा मांडा

जळगावला, मेहरूणमधल्या आमच्या दोन खोल्यांत स्टोव्ह भडकला तेव्हा माझ्या लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती. उजवा हात मनगटापासून कोपरापर्यंत भाजला. यजमानांनी धावत येऊन गोधडी टाकली म्हणून तेवढ्यावर निभावलं. हात बरा झाला. कातडी ताणलेली, गुलाबी राहिली, पण ती काही दुखत नव्हती.

दुखत होतं ते वेगळंच. ते दिवस ऐंशीच्या दशकातले. नवी सून भाजली की लोक स्टोव्हकडे बघत नसत, नवऱ्याकडे बघत. दवाखान्यात जो येईल तो आवाज खाली आणून विचारी, आणि मी सांगितलं की मान हलवून निघून जाई. लोकांचं मी मनावर घेतलं नसतं. पण साक्रीकडच्या आमच्या गावाहून माय आली आणि उशाशी बसून तिनंही तेच विचारलं, "खरं सांग बेटा, कोन्ही काही करं का तुले?" मी सांगितलं, पंप मारला आणि भडका उडाला, बस. तिनं पदर डोळ्यांना लावला. तिला पटलं नव्हतं.

मग हळूहळू मलाच पटेनासं झालं. मी पंप जास्त मारला का? माझं लक्ष कुठे होतं? विस्तवाची भीती वाटते असं मी सगळ्यांना सांगे, ते अर्धंच खरं. मला माझ्या हातांची भीती वाटत होती. काडी ओढायची म्हटलं की बोटं गार पडत. सकाळी यजमान स्टोव्ह पेटवून, भात टाकून कामावर जात, संध्याकाळी शेजारीण येई. मी आपली भाजी चिरून द्यायची आणि दारात उभी राहायची. धडधाकट बाईचा हा थाट!

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी गेले. आखाजी हा आमच्याकडे लेकींचा सण, आणि त्या दिवशी खापरावरचे पुरणाचे मांडे हवेतच. अंगणात चूल, तिच्यावर पालथं खापर, खाली लाकडांचा दणकून जाळ. पुरण भरलेली पुरी हातांवर घेऊन झुलवत झुलवत कोपरापर्यंत पसरायची आणि एका झोकात खापरावर टाकायची. लग्नाआधी माझा मांडा गल्लीत नावाजलेला होता, हे सांगायला मला मुळीच संकोच वाटत नाही.

मायनं पुरी माझ्यापुढे धरली. मी म्हटलं, "तूच टाक, मी पुरण भरून देते." तिनं हात मागे घेतला नाही. मला संतापच आला. माझ्या शब्दावर हिचा विश्वास नाही, आणि आता जाळाशी बसवायला निघाली! रागारागात पुरी घेतली. मांडा पसरत भाजलेल्या कातडीवर आला, जाळाची धग तोंडावर लागली आणि मी थबकले. मांड्याला थबकलेलं चालत नाही. तो मधोमध फाटला, पुरण चुलीत पडलं, करपल्याचा वास सुटला.

मी उठायला लागले. माय चुलीकडे बघतच म्हणाली, "भ्याव वाटस तुले, ते माले दिखस. पन मांडा तुना हातवर शे. कव्हय टाकाना, ते मी कशी सांगू?" मांडा कधी टाकायचा ते माझ्यावर सोडून तिनं चुलीत लाकूड सारलं आणि ती म्हणाली, "तू सांगं तेच खरं व्हतं. माले समजाले टाईम लागी गया."

मी तिथेच रडले, मोठ्यानं. दवाखान्यातही अशी रडले नव्हते. मायनं समजूत काढली नाही. ती दुसरी पुरी भरत बसली. रडणं ओसरल्यावर मीच हात पुढे केले. भीती गेली नव्हती. पण मांडा कोपराला टेकला, त्याचं वजन हाताला कळलं, आणि मी तो झोकला. खापरावर नीट बसला.

"आते राहू दे, मी करस," माय म्हणाली. मी नाही म्हटलं. चुलीजवळ सरकले आणि एकेक मांडा टाकत तिला ती सकाळ पहिल्यापासून सांगू लागले. रॉकेल कसं भरलं, पंप कसा मारला, भडका कुठून आला, सगळं. तिला पटवायला नाही. माझं मलाच ऐकायचं होतं. ऐकता ऐकता कळलं की पंप मी रोजच्याइतकाच मारला होता; त्या सकाळी माझ्या हातांनी काहीच चूक केली नव्हती.