वाचल्याबगर सही नाय

लंकाबाई साळवे पालकसभेला आल्या की सह्यांची रांग तुंबायची. प्रगतिपुस्तक असो, सहलीचं संमतिपत्र असो की नुसती हजेरीची वही, बाई पहिल्या ओळीखाली बोट ठेवायच्या आणि पुटपुटत शेवटच्या ओळीपर्यंत जायच्या. मागे आम्ही वीस-पंचवीस आईबाप घड्याळ बघत उभे. कुणी "ओ बाई, आटपा" म्हणालं, तर मान वर न करता त्या म्हणायच्या, "वाचल्याबगर सही नाय. घाई आसंल तर तुमी फुडं व्हा." आम्ही पुढे व्हायचो, न वाचता सह्या ठोकायचो आणि बाहेर येऊन त्यांना हसायचो. त्या हसण्याचा मला आज इतका राग येतो की तेव्हाचा मी समोर आलो, तर त्याच्या कानाखाली आवाज काढीन.

बाई मुकुंदवाडीत रेल्वे स्टेशनच्या मागे राहायच्या. नवरा वारलेला, एकच मुलगी, प्रज्ञा. चितेगावच्या एका कंपनीत त्या पॅकिंगला होत्या आणि सभेला यायच्या त्या गळ्यातलं ओळखपत्र न काढता. माहेर लासूर स्टेशनजवळचं. शिक्षण सातवी, तीही अर्धी. "माजी साळा एका अंगठ्यात गेली भाऊ," त्यांनी मला एकदा सांगितलं होतं. "गुर्जी कागद घिऊन आले. बापाला वाटलं साळंचं कायतरी काम हाय, दिला अंगठा. दुसऱ्या दिशी कळलं, माजा दाखला काढला म्हून. कामून, तर म्हणं पोरगी मोठी झाली."

प्रज्ञा आणि माझा आदित्य नववीत एका वर्गात. दोघंही गणितात आपटलेले. पालकसभेत सर सगळ्यांसमोर गुण वाचून दाखवायचे, आणि ज्याचं नाव निघेल तो बाप आपल्या पोराकडे असं बघायचा की पोरगं बाकाखाली जागा शोधायचं. मीही तसंच बघायचो. लंकाबाईंची पाळी आली की त्या विचारायच्या, "सर, ही वर्गात हसती का? डबा कुणासंगं खाती?"

"बाई, तिला गणितात अकरा मार्क आहेत," सर म्हणायचे.

"ते आयकलं मी. इचारलं ते सांगा ना."

सरांना सांगता यायचं नाही. त्यांना ते माहीतच नसायचं. आणि मला तरी कुठे माहीत होतं? मी सोयगाव तालुक्यातल्या शेतकऱ्याचा पोर, सरकारी कचेरीत कारकून, सिडकोत फ्लॅट. पोरासाठी मी काय केलं, तर त्याची बॅट माळ्यावर टाकली आणि त्याच्या खोलीच्या भिंतीवर शहरात पहिल्या आलेल्या मुलांचं वर्तमानपत्रातलं कात्रण चिकटवलं. पोराने ते फाडलं नाही. फक्त टेबल फिरवून घेतलं आणि भिंतीकडे पाठ करून बसायला लागला. मला वाटलं, उजेडासाठी फिरवलं असेल.

लंकाबाईंकडे टेबल नव्हतं. प्रज्ञा जमिनीवर बसून अभ्यास करायची आणि बाई शेजारी भाजी निवडत बसायच्या. बोलायच्या नाहीत. एकदा मी काही वह्या द्यायला गेलो होतो, तेव्हा विचारलं, "तुम्हाला यातलं काय कळतं?" किती नालायक प्रश्न! बाई शांतपणे म्हणाल्या, "मला काय बी कळत नाय. पर ती अडली का तिचा चेहरा कळतो. मंग मी चा टाकते."

त्या एप्रिलात शाळेने आम्हा सात-आठ पालकांना बोलावून घेतलं. मुख्याध्यापकांच्या टेबलावर छापील अर्ज तयार होते. शाळेची दहावी दरवर्षी शंभर टक्के लागायची. दर जूनमध्ये फाटकावर तसा फलक लागायचा आणि तो फलक बघूनच मी आदित्यला तिथे घातलं होतं. आता कळलं की शंभर टक्के कसे होतात. जो पडेल असं वाटतं, त्याला आधीच बाहेर काढायचं. त्याच्या आईबापाकडून दाखला काढण्याचा अर्ज घ्यायचा, म्हणजे तो सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून परीक्षेला बसतो, आणि पास होवो की नापास, शाळेचा काही संबंध नाही.

"मुलांच्या हितासाठीच आहे," मुख्याध्यापक म्हणाले. "त्यांच्यावरचा ताण कमी होईल."

ताण! तीन वर्षं ज्यांनी पोरांना सभेत नागडं केलं, ते ताणाबद्दल बोलत होते. हे मला आज सुचतं. तेव्हा मी खिशातून पेन काढलं. माझ्या शेजारी लंकाबाई बोट ठेवून वाचत होत्या. एका ओळीवर बोट थांबलं.

"सर, हितं लिवलंय, मी माज्या पाल्याचा दाखला स्वखुशीनं काढीत हाय. ही खुशी कुणाची?"

"ती तशी भाषा असते बाई. सही करा."

"माजी तर खुशी नाय. पोरीला इचारलं, तिची बी नाय. ऱ्हायले तुमी." त्यांनी अर्ज उलटा केला आणि कोऱ्या बाजूने मुख्याध्यापकांपुढे सरकवला. "मंग तुमीच लिवा. पोरगी कच्ची हाय म्हून आमी काढतो. खाली तुमची सही करा, शिक्का मारा. मी घिऊन जाते कागद."

मागून कुणीतरी कुजबुजलं, "यांना काय, सवलती हायेत." ते लंकाबाईंनी ऐकलं, मीही ऐकलं. मी बोललो नाही. तेही माझ्या खात्यावर आहे.

मुख्याध्यापकांनी पेनाचं टोपण लावलं. लिहून द्यायची त्यांची छाती नव्हती. बाई उठल्या आणि जाता जाता माझ्याकडे वळल्या. "भाऊ, आदित्याला इचारलं का?"

मला त्यांचा राग आला. कंपनीत खोकी भरणारी बाई चारचौघांत मला शिकवते! मी म्हणालो, "आमच्या घरचं आम्ही बघू. आणि विचारायचं काय त्यात? इथं राहून तरी काय दिवे लावणार आहे तो!" आणि सही केली, झोकदार, खाली दोन टिंबं देऊन.

पुढचं वर्ष सांगतो. आदित्य दुपारी एका क्लासच्या मागच्या खोलीत, तशाच काढून टाकलेल्या पोरांत बसायचा. मार्चमध्ये परीक्षा दिली आणि पहिल्या फटक्यात पास झाला. प्रज्ञा शाळेतच राहिली आणि गणितात नापास झाली. शाळेचा फलक त्या वर्षी लागला नाही. मी पेढे वाटले, आणि खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. बघा म्हटलं, कोण शहाणं ठरलं.

लंकाबाई निकालाच्या दिवशी मुलीला घेऊन शाळेत गेल्या. मुख्याध्यापक ओरडले, "बघितलंत? आमचा निकाल घालवला!" बाई म्हणाल्या, "नापास झाली, पर वर्गात बसून झाली. आता फेरपरीक्षेला कुणी शिकवायचं, तेवढं सांगा." गणिताच्या बाई खाली मान घालून उठल्या आणि म्हणाल्या, "मी शिकवते." जुलैत प्रज्ञा पास झाली. आता ती नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे.

दहावीच्या शेवटच्या दिवशी पोरं एकमेकांच्या गणवेशावर पेनाने सह्या करतात. प्रज्ञाचा शर्ट सह्यांनी निळा झाला होता. आदित्यने तो रस्त्याच्या पलीकडून बघितला, असं त्याच्या आईने मला पुष्कळ दिवसांनी सांगितलं. त्याचा शर्ट कपाटात कोराच आहे. त्याच्या वाट्याला एकच सही आली, माझी.

गेल्या हिवाळ्यात लंकाबाई गेल्या. कामावरून आल्या, छातीत दुखतंय म्हणाल्या, दवाखान्यात पोचेपर्यंत संपल्या. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला मी मुकुंदवाडीत गेलो, तर आदित्य माझ्या आधी येऊन सतरंज्या अंथरत होता. पांढऱ्या कपड्यांतली माणसं वंदनेला बसली. लंकाबाईंच्या फोटोला फूल वाहताना माझं पोरगं हुंदके देऊन रडलं. माझ्यासमोर तो कधी रडलेला मला आठवत नाही. घरी निघताना मी विचारलं, "तुझी एवढी ओळख होती त्यांच्याशी?"

"तुम्ही सही केली, त्या दिवसापासून," तो म्हणाला. "मी ऑफिसच्या दाराशीच उभा होतो, पप्पा. दिवे लावायचं ऐकलं मी."

मी गाडीची किल्ली हातात धरून उभा राहिलो.

"तिथून निघालो आणि या स्टेशनवर येऊन बसलो. घरी येणारच नव्हतो. कुठं जाणार होतो ते मलाही माहीत नव्हतं. लंकामावशी पाणी घेऊन चालल्या होत्या, त्यांना दिसलो. त्यांनी कळशी खाली ठेवली आणि विचारलं, जेवला का? घरी नेऊन भाकरी वाढली. मग म्हणाल्या, 'बाप वाईट नाय तुजा, वाचलं नाय त्यानं. घरी जाय, आन् मनात काय हाय ते त्याला वाचून दाखीव.'"

"मग?"

"मग मी घरी आलो. तुम्ही दार उघडलं आणि म्हणालात, कुठं उंडारत होतास?"

त्याने माझ्या हातातून किल्ली घेतली आणि गाडी काढली.

"म्हणून नाही वाचून दाखवलं," तो म्हणाला.