मागच्या टाकीची लाइन

वाहत्या पाण्याचा आवाज कानावर आला की बाबांना स्वस्थ बसवत नसे. केज तालुक्यातल्या आमच्या गावात त्यांनी सगळी नोकरी पाणी सोडण्यात काढली. कुठल्या आळीला कधी पाणी द्यायचं, कुठला कॉक किती फिरवायचा, हे त्यांच्या हातांना पाठ होतं. गावात कुठं पाणी वाहतंय आणि जवळ माणूस नाही असं दिसलं, की ते भरल्या ताटावरून उठत. त्या नोकरीवर मी शिकलो. आमच्या घरातला पहिला पदवीधर झालो, अंबाजोगाईत एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत लागलो. माझ्या अंगावरचा इस्त्रीचा शर्ट त्यांच्या भिजलेल्या पायजम्यांमुळे आहे, हे मी विसरत नाही.

आई गेल्यावर आम्ही बाबांना इकडे आणलं, वरच्या मजल्यावरच्या भाड्याच्या घरात. वर्षभरातच त्यांचं विसरणं नुसतं म्हातारपणाचं राहिलं नाही. जेवून हात धुतले की जेवण कधी म्हणून विचारत. डॉक्टर म्हणाले, "हा आजार मागं फिरत नाही. आज घरी एकटे राहू शकतात. पण एक दिवस नाही राहू शकणार. तो दिवस तुम्हालाच ओळखावा लागेल."

आता त्यांच्याजवळ दिवसभर माणूस असतं. मी सांगतोय ते त्याआधीचं. तेव्हा बायको शाळेत, मी कॉलेजात, आणि रोज सकाळी चपला घालताना आम्ही एकमेकांकडे बघायचो: आज एकटं ठेवायचं का? दाराला बाहेरून कडी घालणं हा सोपा उपाय होता. पण बाबांनी ती वाट आधीच बंद केली होती. पलीकडच्या गल्लीत एका म्हाताऱ्याला असंच आत ठेवत. तो खिडकीचे गज धरून जाणाऱ्या-येणाऱ्याला हाका मारायचा. ते पाहून आल्यापासून बाबा सारखं म्हणत, "कायबी करा, पर मला कोंडू नका." हे म्हणताना त्यांचा आवाज बारीक व्हायचा, आणि तो मला ऐकवत नसे.

मन कशात तरी गुंतवा, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, म्हणून मी हॉलमध्ये माशांची काचेची टाकी आणली. बाबांना मासे आवडले. टाकीतल्या फिल्टरची खळखळ मात्र त्यांना छळू लागली. मधूनच उठत. "कुठंतरी लाइन फुटली रं," म्हणत घरातले सगळे नळ तपासत. एके दुपारी ती फुटलेली लाइन शोधत ते रस्त्यावर गेले आणि ओळखीच्या रिक्षावाल्याने त्यांना बस स्टँडजवळून आणून सोडलं.  त्या दिवशी बायकोनं दाराच्या बाहेरच्या कडीकडे एकदा पाहिलं.

म्हणून मला खळखळ घराबाहेर काढायची होती, निदान हॉलबाहेर. मासेवाल्या दुकानदाराने युक्ती सांगितली. फिल्टर काढून टाका, मागच्या खोलीत दुसरी टाकी ठेवा आणि दोन्ही पाइपाने जोडा.

रविवारी मिस्तरी आला. हॉलमधल्या टाकीला वरच्या कडेशी त्याने एक डबी बसवली. जास्तीचं पाणी त्या डबीत पडणार, तिथून पाइपात, आणि पाइप पॅसेजच्या भिंतीनं उतार धरत मागच्या, ज्वारीच्या कोठीच्या खोलीत, जमिनीवरच्या टाकीत उतरणार. तिथं पाणी स्पंजातून गाळलं जाईल आणि पंप ते दुसऱ्या पाइपाने पुन्हा हॉलमध्ये चढवील. सगळा आवाज दोन दारांच्या पलीकडं.

"सर, माशाला दोन खोल्या केल्या की तुमी," मिस्तरी म्हणाला. "आमी अजून पत्र्यातच हाव."

बाबा खुर्ची ओढून पॅसेजमध्ये बसले होते. "उतार कमी पडतोय बे," ते एकदम म्हणाले. "पानी मधीच झोपंल."

"मी सांगतो की काका पाण्याला, झोपू नको म्हणून."

"तुजी बायको तरी ऐकती का तुजं?"

मिस्तरी हसत खाली उतरला, लांबून पाइपाकडे पाहिलं आणि मुकाट्यानं क्लॅम्प काढून पुन्हा मारला. बायको चहा घेऊन आली होती. ती कपबशा तशाच धरून उभी राहिली. किती महिन्यांनी बाबा असे बोलत होते.

"कॉक कुठं हाय?" त्यांनी विचारलं.

"उतरत्या लाइनला कॉक लागत न्हाई काका. वरून जेवढं येतंय तेवढं खाली."

"बिनकॉकाची लाइन? अन् टाकी धुवायची झाली तर पानी काय तुज्या तोंडात सोडायचं?"

मिस्तरीने माझ्याकडे पाहिलं. तो पाइप कायम मोकळा हवा, हे दुकानदाराने मला सांगितलं होतं. तो बंद झाला तर पंप मागचं पाणी चढवत राहील आणि हॉलमधली टाकी काठावरून वाहील. पण धुण्यासाठी कॉक हवा, हे बाबांचं म्हणणंही चूक नव्हतं. आणि ते बरोबर बोलत होते यापुढं मला दुसरं काही दिसत नव्हतं. मागच्या खोलीत, टाकीच्या तोंडाशी, लाल दांडीचा कॉक बसला. बाबांनी तो दोनदा फिरवून पाहिला. "आता झाली लाइन," ते म्हणाले.

घर शांत झालं. काही आठवडे बाबा हॉलमध्ये मासे बघत बसत, कुठंही जात नसत. आम्ही चपला घालताना एकमेकांकडे बघणंही कमी केलं. एकदा सुट्टीच्या दिवशी ते खुर्चीत दिसले नाहीत. मागच्या खोलीत, अंधारात, ज्वारीच्या कोठीला टेकून उभे होते. एक हात लाल दांडीवर.

"काय करताय बाबा?"

"काय न्हाई. टाइम व्हायचाय अजून."

"कसला?"

एखाद्या परगावच्या माणसानं नसती चौकशी केल्यावर पाहावं, तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग हात काढला आणि जेवायला आले. मी बायकोला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ती कडीचं बोलली असती.

पुढच्याच आठवड्यात दुपारी मालकीणबाईंचा फोन आला. त्या खालच्या मजल्यावर राहत. "सर, जिन्यावरून पाणी उतरतंय हो. काकांना हाक मारली तर आतून म्हणतात, लाइन बंद हाय, उद्या या."

मी गाडी कशी चालवली आठवत नाही. जिन्याच्या पायऱ्यांवरून गढूळ नव्हे, स्वच्छ पाणी एकेक पायरी उतरत होतं. गल्लीतली लाइट गेलेली होती. दार नुसतं लोटलेलं. आत हॉलभर पाणी, टाकी काठोकाठ, मासे आपले फिरताहेत, आणि बाबा खुर्चीत, पावलं पाण्यात. त्यांच्या पावलांपासून हातभर अंतरावर, टाकीच्या दिव्याचा वायरबोर्ड पाण्यात बुडालेला. लाइट कुठल्याही क्षणी आली असती. मी उलट्या पावली जिन्यात गेलो, मेन स्विच पाडला, मगच आत आलो. 

"बाबा, उठा. चला आधी."

ते उठले. अदबीनं उठले, सदरा नीट करत.

"सायेब, खालच्या आळीचं बंद केलं," ते म्हणाले. "टाइमावर केलं. इचारा कुणालाबी."

माझ्या चेहऱ्यावर त्यांची नजर होती आणि ती कुठंच थांबत नव्हती. डॉक्टरांनी ओळखायला सांगितलेला दिवस माझ्यासमोर हात जोडून उभा होता.

"आता घरी जाऊ का, सायेब? पोरगं एकलंच हाय. त्याची माय कामाला गेलीय. बारकं हाय लई, म्हून बाहेरून कडी घालून आलोय. रडत असंल."

असं कधी झालं होतं का, मला आठवत नाही. झालं असेल तर मी फार लहान असेन. माझ्या तोंडून "जा" गेलं. मला म्हणायचं होतं, थांबा, मीच तो. पण सायबाची परवानगी मिळाली होती. ते माझ्या बाजूने भराभर गेले, ओल्या पायांनी चपला चढवल्या, बाहेर पडले आणि पंपघर सोडताना घालत असतील तशी दाराला कडी घातली.

त्या घराला दुसरं दार नव्हतं. मी दारावर दोन्ही हात आपटले. "बाबा!" ओरडलो. "बाबा, दार उघडा!"

जिन्यावरचा चपलांचा आवाज थांबला. सावकाश वर आला. दाराच्या फटीशी त्यांचा श्वास मला ऐकू येत होता.

"रडू नको रं," ते हळूच म्हणाले. "आलोच मी, वरच्या आळीचं पानी सोडून."

आणि चपला पुन्हा जिना उतरू लागल्या.