चार चाळीसची फेरी

कचेरीत त्यांना पाठीमागे 'मिनिटसाहेब' म्हणत. तोंडावर अर्थातच नुसतं साहेब. कुणाची टाप होती! राजधानीच्या बस कचेरीत एकतीस वर्षं त्यांनी एकच काम केलं, वेळापत्रक बसवायचं आणि ते पाळून घ्यायचं. कुठली गाडी किती वाजता सुटणार, कुठे किती मिनिटं थांबणार, कुठल्या रेल्वेला गाठ घालून देणार, सगळं त्यांच्या टेबलावर ठरायचं. आणि गंमत बघा, एवढ्या गाड्या गावोगाव सोडणारा हा माणूस स्वतः कधी कुठे म्हणून गेला नाही. बायको म्हणायची, "अहो, कुठेतरी जाऊ या की." हे म्हणायचे, "निवृत्त झालो की."

निवृत्त झाले आणि आठव्या महिन्यात काकूंच्या दोन्ही किडन्यांनी हात टेकले. काकू म्हणजे त्यांची बायको. अख्खी इमारत त्यांना काकूच म्हणे. दिवसाआड सकाळी सातला डायलिसिसच्या मशीनवर जायचं, चार तास पडून राहायचं. पाळी चुकवायची नाही म्हणजे नाही. सिस्टरने पहिल्याच दिवशी स्वच्छ सांगितलं होतं, "खाडा केलात तर पाणी फुप्फुसात चढेल, आजी. मग धावपळ करून उपयोग नाही."

पहिले दोन महिने दोघं तोंडं पाडून घरात बसले. मग एका सकाळी काकूच उखडल्या. "मुक्काम करता येत नाही म्हणून जायचंच नाही की काय? मधला दिवस मोकळा असतो ना? सकाळी जाऊ, संध्याकाळी परत येऊ. एवढ्या जगाला वेळापत्रक बसवून दिलंत, आता बायकोला बसवून द्या!"

झालं! साहेबांच्या अंगात वारं शिरलं. जेवणाच्या टेबलावर रेल्वेचं वेळापत्रक आलं, बसचं आलं, फूटपट्टी आली, टोक काढलेल्या चार पेन्सिली आल्या. त्यांची एक पद्धत होती. सहलीचा कागद ते खालून वर भरत. सगळ्यात खाली लिहायचं, 'घरी, साडेनऊ'. त्याच्यावर परतीची रेल्वे, त्याच्यावर तिला जोडणारी बस, आणि असं चढत चढत शेवटी सकाळचं दार. "जाणारा कसाही जातो," ते म्हणत, "परत येणं बसवावं लागतं." काकूंची चालही त्यांनी घड्याळ लावून मोजली होती. स्टेशनच्या फाटकापासून फलाटापर्यंत तुम्हीआम्ही पाच मिनिटांत जातो, काकूंना चौदा लागत, त्यात दोन वेळा टेकणं धरून. पाण्याच्या बाटलीवर पेनाची खूण असे, त्या खुणेपर्यंतचंच पाणी दिवसभर पुरवायचं. आणि निघायच्या आदल्या संध्याकाळी चौकशीला फोन करून प्रत्येक गाडी पुन्हा विचारून घ्यायची. फोनवरची मुलगी आवाजावरून ओळखायला लागली होती. "काय काका, उद्या कुठे दौरा?"

तळं झालं, धरण झालं, कुंभारांचं गाव झालं. दीड वर्षात एकवीस सहली. काकू खिडकीशी बसून शेतं बघत आणि मध्येच म्हणत, "आजारी पडले म्हणून तुम्ही हललात तरी!" साहेब वरवर चिडत, पण मनातून माणूस सुखावून गेला होता. चाळीस वर्षांच्या संसारात बायको इतकी बडबडते हे त्यांना नव्यानेच कळत होतं.

मग ताईचं निघालं.

ताई म्हणजे काकूंची थोरली बहीण. आई लहानपणीच गेली, तेव्हा या ताईनेच धाकटीची वेणीफणी केली, शाळेत सोडलं, लग्नात पाठवणी केली. आता तिचं खुब्याचं हाड मोडलं होतं, ती अंथरुणाला खिळली होती. कानाने पार गेलेली, त्यामुळे फोनवर बोलायची सोय नाही. तीन वर्षं दोघींची भेट नव्हती. भाच्याने कळवलं, "मावशी, आई रोज तुझं नाव घेते. खाणं सोडलंय." गाव लांब, रेल्वेने तीन तास आणि पुढे बसने अर्धा तास. काकूंनी पेन्सिलींचा डबा आणून नवऱ्यापुढे ठेवला.

साहेबांनी तीन संध्याकाळी डोकं चालवलं. जायचं गुरुवारी, शुक्रवारी सातला मशीन. परतीची रेल्वे पाच पस्तीसची, त्या दिवसाची शेवटची. ती हुकली तर दुसरी पहाटे, म्हणजे शुक्रवारची पाळी बुडाली. त्या रेल्वेला जोडणारी बस ताईच्या गावातून सुटे चार चाळीसला. ती लिहिताना साहेबांचा चेहरा फुलला. ही फेरी त्यांनी स्वतः सुरू केलेली! वरिष्ठांशी भांडून, दोन वर्षं कागद हलवून. बाकी सगळ्या गाड्या त्यांनी चौकशीला विचारल्या. हिचं मात्र विचारलं नाही. पोटच्या पोरीचं नाव कुणी शेजाऱ्याला विचारतं का?

भेट झाली. दोघी बहिणी बोलल्या थोडं आणि रडल्या फार. ताईला ऐकू येत नव्हतं, तरी काकू तिच्या कानाशी तोंड नेऊन सांगत राहिल्या, आणि ताई धाकटीचे केस विंचरत राहिली, पडल्या पडल्या. दुपारी तिने चार घास खाल्ले. भाचा दारात उभा राहून डोळे पुसत होता. साहेब घड्याळ बघायचं विसरले, असं त्यांच्या आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच झालं.

साडेचारला ते स्टँडवर पोचले. स्टँड म्हणजे एक शेड आणि एक खिडकी. खिडकीत कंट्रोलर बाई बसलेली.

"चार चाळीस लागली नाही अजून?"

"चार चाळीस?" बाईने वर पाहिलं. "काका, ती बंद होऊन वर्ष झालं. आता थेट सहा दहा."

खिशातला कागद साहेबांनी बाहेर काढला, पुन्हा आत ठेवला. एकतीस वर्षं लोकांना गाड्या सांगणारा माणूस, आणि स्वतःच्या बायकोला त्याने नसलेल्या गाडीवर आणून उभं केलं होतं. शेडच्या बाकावर काकू बाटलीच्या झाकणात घोटभर पाणी ओतून घेत होत्या. त्यांना अजून काही माहीत नव्हतं.

"बाई," साहेब कसेबसे म्हणाले, "माझी चूक झाली. उद्या सातला हिचं डायलिसिस आहे. काहीतरी सांगा."

बाईने एकही प्रश्न विचारला नाही. फोन उचलला. "हायवेवरून लांब पल्ल्याची जाते, ती स्टेशनवरूनच जाते. फाट्यावर चार पन्नासला असते." मग फोनमध्ये, "अरे, कुठवर आलास? फाट्यावर थांब. दोन म्हातारी माणसं पाठवतेय. नाही, तू थांबच." फोन ठेवून ती स्वतः रस्त्यावर धावली, दोन रिक्षा भरलेल्या गेल्या, तिसरी तिने अक्षरशः आडवी उभी राहून थांबवली.

फाट्यावर पोचले तेव्हा पाच वाजून एक मिनिट झालं होतं. गाडी उभी होती. खच्चून भरलेली, इंजिन चालू, खिडक्यांतून चाळीसेक चेहरे वाट बघत. साहेबांना वाटलं, आता शिव्या बसणार. तर दोघं प्रवासी खाली उतरलेच, काकूंचा हात धरायला. "डावा नको, डावा नको!" साहेब ओरडले, कारण मशीनच्या सुया टोचायची शीर त्या हातात होती. मग उजव्या बाजूने धरून त्यांना अलगद वर घेतलं. पुढच्या सीटवरची बाई आधीच उठून उभी राहिली होती. ड्रायव्हर म्हणाला, "बसल्या का आजी? धरून बसा, आता जरा दामटतो."

साहेब कंडक्टरच्या शेजारी टेकले. श्वास खाली बसला तेव्हा त्यांचं लक्ष त्याच्या मांडीवरच्या लॉगशीटकडे गेलं. कंडक्टर लिहीत होता, 'लेट, अकरा मिनिटं. कारण, गुरं आडवी आली.'

"गुरं कुठे होती हो?" सवयीने साहेबांच्या तोंडून गेलं.

कंडक्टर हसला. "काका, पॅसेंजरसाठी थांबलो असं लिहिलं की वरून मेमो येतो. तसा नियमच आहे. गुरांना कोण मेमो काढणार?"

काकू पुढच्या सीटवर पोट धरून हसत सुटल्या. "ऐकलंत का? आपण दोघं गुरं!" साहेबांना हसू आलं नाही. तो नियम कुणाच्या सहीने निघाला होता, हे त्या गाडीत त्यांच्याशिवाय आणि काकूंशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं.

रेल्वे मिळाली. काकूंचा हात धरणारे ते दोघं प्रवासी फलाटापर्यंत आले, डब्यात बसवून मगच परत फिरले. त्यांची नावं विचारायची राहून गेली, ही रुखरुख साहेबांना घरी पोचेपर्यंत पुरली.

शुक्रवारी सातला काकू मशीनवर होत्या. सिस्टरला ताईच्या हाताने विंचरलेले केस दाखवत होत्या, आज हात लावू देणार नव्हत्या म्हणे. साहेब बाहेर वऱ्हांड्यात आले आणि त्यांनी एका जुन्या ड्रायव्हरला फोन लावला. हा गडी दर मंगळवारी एकाच वळणावर सहा-सात मिनिटं लेट व्हायचा आणि दर वेळी गुरं लिहायचा. साहेबांनी त्याला तीन मेमो काढले होते. शेवटच्यावर लाल शाईने लिहिलं होतं, 'गुरांना वार कळतो काय?'

"ती मंगळवारची गुरं," साहेब म्हणाले, "कोण होती रे?"

पलीकडे तो हसला. "एक बाई होती, साहेब. पायात लोखंडी पट्ट्या घातलेल्या मुलीला खांद्यावर घेऊन यायची, राजधानीतल्या दवाखान्यात न्यायला. शेतांतून चालत यायची बिचारी, पाच मिनिटं इकडेतिकडे व्हायचीच. मुलगी चालायला लागली पुढे."

"मग तेव्हा सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर थांबू दिलं असतंत?"

साहेब भिंतीला टेकले. खोटं बोलायचा त्यांना सराव नव्हता. "नसतं दिलं," ते म्हणाले. "तू थांबलास ते फार बरं केलंस."

"आज एकदम कशी आठवण झाली, साहेब?"

"काल आमच्यासाठी अकरा मिनिटं थांबली गाडी," साहेब म्हणाले. "कारण, गुरं आडवी आली."